खंडेनवमीची खुर्ची

वाल्मीक निमसे सातपूरच्या कारखान्यात फिटर. वीस वर्षं दुसऱ्याच्या मशीनवर. स्वतःची एक लोखंड कातायची लेथ असावी, एवढंच त्याला हवं होतं. १९९८ साली शेजारच्या शेडमधली एक जुनी लेथ विकायला निघाली. तिचा मालक दिवाळीपर्यंत थांबणार होता. वाल्मीककडे विकण्यासारखी एकच वस्तू होती. खुर्ची.

देवळालीचा बंगला रिकामा करताना तिथल्या बाईंनी ती त्याला देऊन टाकली होती. विलायती, शंभर वर्षांपूर्वीची. काळसर लाकडात पिवळ्या लाकडाची वेलबुट्टी बसवलेली. पाठ पुढे उलटली की चार पायऱ्यांची शिडी व्हायची. साहेबाला वरच्या फळीवरचं पुस्तक काढता यावं म्हणून. वाल्मीकची बायको, शुभांगीवहिनी, तिच्यावर चढून माळ्यावरचे पापडाचे डबे काढत. साहेब गेले, वाचन गेलं, पापड राहिले.

मी त्याचा शेजारी; माझ्या ओळखीनं जुन्या सामानाचा एक व्यापारी मुंबईहून आला. गुडघ्यावर बसून त्यानं वेलबुट्टीवर बोट फिरवलं. भाव सांगितला. लेथ येऊन वर मोटरही आली असती.

"दसऱ्यानंतर गाडी आणतो. तोवर हिला काही करू नका."

"छे छे," वाल्मीक म्हणाला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी व्यापारी आणि मी वाल्मीकच्या दारात. खुर्ची खोलीच्या मधोमध. हिरवीगार. कारखान्यात खंडेनवमीला मशीनला मारतात तोच ऑइल पेंट, दोन हात. बिजागऱ्यांना ग्रीस. वर हळदकुंकू आणि झेंडूची माळ.

मी साहित्याचा पदवीधर. चप्पल काढून खुर्चीला नमस्कार केला.

"अहो, काही करू नका म्हटलं होतं ना?" व्यापारी म्हणाला.

"म्हणून काय पूजेला मशीन मळकी ठेवायची? सांधा हलतो म्हणजे मशीनच की. बघा, आता आवाज येतो का!"

वाल्मीकनं खुर्ची उलटवली. खरंच, अजिबात आवाज आला नाही.

व्यापाऱ्यानं नखानं रंग खरवडला. "वेलबुट्टी कुठंय?"

"ती वर आली होती जरा. पॉलिश पेपरनं घासून काढली. खड्ड्यांत लांबी भरून सपाट केलं. तीन तास लागले, साहेब."

वहिनींनी आपट्याची पानं पुढे केली. तेवढंच सोनं घेऊन व्यापारी गाडीत बसला.

"पैसे आणायला गेले का?" वाल्मीकनं विचारलं.

"नाही, दादा. गेले," मी म्हणालो.

त्यानं खुर्चीवरची माळ सरळ केली.

"हिरव्याऐवजी करडा मारायला हवा होता," म्हणाला. मग तेही पटेना. खाली बसला.

"लेथवाल्याला तू सांग. माझ्यानं नाही व्हायचं."