सहा मिनिटांची चाल

वाशिमच्या ज्या दवाखान्यात मी फिजिओथेरपिस्ट आहे, तिथे तळमजल्यावर एक लांब व्हरांडा आहे. तीस मीटर मोजून मी त्याच्या दोन्ही टोकांना पिवळी टेप लावली आहे. हृदयाच्या रुग्णाने या दोन टेपांमध्ये सहा मिनिटं ये-जा करायची आणि किती अंतर झालं ते मी लिहायचं. दम लागला तर रुग्ण थांबू शकतो, घड्याळ थांबत नाही. इतकी साधी गोष्ट की नातेवाइकांना ती तपासणी वाटतच नाही. माझा मात्र तिच्यावर पूर्ण भरवसा आहे.

मागच्या वर्षी किन्हीराजाकडची तिशीतली एक बाई सासूबरोबर आली. तिच्या हृदयाची एक झडप अरुंद असल्याचं इकोत दिसलं होतं. पण डॉक्टरांनी कितीदा विचारलं तरी तिचं एकच उत्तर, "मले काई तरास नाई."

सासू म्हणाली, "तरास कायचा मॅडम, आंग चोरते हे. निंदाले गेलो की सगळ्यायच्या मांगं."

त्रास आहे की नाही, हेच पाहायला डॉक्टरांनी तिला माझ्याकडे पाठवलं होतं. मी तिची नाडी आणि रक्तदाब घेतला, बोटाला ऑक्सिजनचं यंत्र लावलं. "ताई, पळाचं नाई. दम लागला त थांबा, बरं वाटलं की पुन्ना चाला."

ती निघाली ती मान खाली घालून, भराभर. दोन मिनिटं छान चालली. तिसऱ्या मिनिटाला पावलं जड झाली आणि चौथ्याला तिने भिंतीवर हात टेकला. तिचा श्वास मला टेपजवळ ऐकू येत होता.

"चाल वं, मॅडम पाहून राह्यल्या ना," सासू बाकावरून म्हणाली.

मी हातानेच तिला गप्प केलं. सून पुन्हा निघाली, दहा-बारा पावलं गेली आणि परत थांबली. तेव्हा सासू उठली, माझ्याजवळची खुर्ची तिने स्वतःच उचलली आणि सुनेच्या मागे नेऊन ठेवली. सून बसली. मी तपासणी तिथेच थांबवली आणि यंत्रावरचे आकडे लिहून घेतले. ऑक्सिजन चांगलाच उतरला होता.

"मंग वावरात कशी येत होती तू?" सासूने विचारलं.

दम जरा बसल्यावर सून म्हणाली, "तुमी पुढं गेल्या की वावराच्या कडेले धुऱ्यावर बसून घेत होती, आत्याबाई. मंग येत होती."

सासूने पिशवीतली पाण्याची बाटली उघडून सुनेच्या हातात दिली.

माझा कागद पाहून डॉक्टरांनी त्यांना नागपूरला पाठवलं. नवरा सोयाबीन निघेपर्यंत थांबू म्हणत होता, सासूने त्याचं ऐकलं नाही. तिथे मांडीतून नळी घालून फुग्याने झडप मोकळी केली.

तीन महिन्यांनी दोघी परत आल्या. या वेळी सून सहा मिनिटं एकदाही न थांबता चालली. सासू बाकावर बसून फेऱ्या मोजत होती. शेवटी तिची एक फेरी माझ्यापेक्षा जास्त भरली.

"मॅडम, तुमचं चुकलं," ती म्हणाली.

मी माझाच आकडा लिहिला.