पंच्याखालची परीक्षा

रत्नागिरीत राम आळीत बाबांचं एक चिंचोळं दुकान होतं. रेडिओ, टेप, स्पीकर दुरुस्त करायचे आणि जमलं तर नवे विकायचे, एवढाच धंदा. पण बाबांना लोक ओळखत ते दुकानामुळे नाही, कानामुळे. कोकणात देवळाच्या उत्सवाला गावकरी स्वतः नाटक बसवतात. वेळणेश्वरच्या बाजूची गावं असोत की संगमेश्वरकडची, उत्सव जवळ आला की तिथून कुणीतरी दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहायचाच. "काका, आवाज लावायला या."

बाबा दुपारी पोचायचे, माईक टांगायचे आणि मग मंडपाच्या अगदी शेवटच्या रांगेत जाऊन डोळे मिटून बसायचे. रंगमंचावर कुणीतरी संवाद म्हणायचं आणि बाबा नुसत्या हाताने खुणा करायचे. जरा वर. आता खाली. डावीकडचा स्पीकर वळव. मी आठ वर्षांची असल्यापासून त्यांच्याबरोबर जात होते, आणि मलाही काम होतं. ते एका कोपऱ्यात बसले की मी दुसऱ्या कोपऱ्यात बसायचं आणि एखादा शब्द जरी निसटला तरी हात वर करायचा. गावकरी हसायचे, पण बाबा माझा हात बघून खरोखर बटण फिरवायचे. एवढ्याशा पोरीचं कुणी इतकं ऐकावं याची मला भारी ऐट होती.

अठ्ठ्याण्णव साली दुकानात खिशातले टेप चांगले खपत होते. पुढे सीडी आल्या, मग कॅसेट नाही की सीडी नाही अशी काडेपेटीएवढी यंत्रं आली. त्यात एका कंपनीने सगळ्यांना गार करून टाकलं. तिचं नाव मी घेत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या घरात त्या यंत्राला नुसतं 'पांढरा' म्हणायचे. पांढरा, गुळगुळीत, मध्ये बोटाने फिरवायचं गोल चाक. माझ्या कॉलेजात दोघी-तिघींकडे तो होता आणि त्या तो कानाला कमी आणि हातात जास्त धरायच्या.

पांढरा आमच्यासारख्या दुकानाला मिळत नसे. बाबांनी मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून दुसऱ्याच कंपनीचे प्लेअर आणले. काळे, जाडे, कडेला चार ठोकळेबाज बटणं. मी त्याचं नाव 'जाड्या' ठेवलं. पण जाड्यात रेडिओ होता, त्याला साधा सेल चालायचा, आणि त्या दिवसांत भारनियमनाने रोज कितीतरी तास वीज नसायची. पांढऱ्याला चार्जिंग लागे, गाणी भरायला कॉम्प्युटर लागे; जाड्यात ती टेपवरून थेट भरता यायची. रत्नागिरीत तेव्हा किती घरांत कॉम्प्युटर होते? बाबांना वाटलं, जाड्या पांढऱ्याला धूळ चारणार. शिवाय त्यांचं ठाम मत होतं की जाड्याचा आवाज जास्त चांगला आहे. मत झालं की बाबा ते सिद्ध करायला बसायचेच.

माझा आतेभाऊ बोटीवर होता. त्याने दुबईहून आणलेला पांढरा बाबांनी थोड्या दिवसांसाठी मागून घेतला. ओळखीच्या एकाच्या कॉम्प्युटरवरून दोन्हींत एकच भजन भरलं, एका देवळात त्यांनी स्वतः रेकॉर्ड केलेलं. पेटी, तबला, झांज आणि एक म्हातारा आवाज. मग दुकानात परीक्षा सुरू झाली. गिऱ्हाईक आलं की बाबा त्याला स्टुलावर बसवायचे, दोन्ही प्लेअर काउंटरवर पंच्याखाली झाकायचे, आपला मोठा जुना हेडफोन गिऱ्हाइकाच्या डोक्यावर चढवायचे आणि तीच वायर आधी एकाला, मग दुसऱ्याला जोडायचे. "डोळे मिटा आणि सांगा, पहिला की दुसरा."

जवळजवळ प्रत्येक जण जाड्याच निवडायचा. शिक्षक, बँकेतले कारकून, मिरकरवाड्यातून मासळीची पाटी रिकामी करून आलेली बाईसुद्धा. बाबा पंचा उचलायचे, गिऱ्हाईक हसायचं, "खरंच की हो!" म्हणायचं, आणि वर मारुती मंदिराजवळच्या नव्या शोरूममध्ये जाऊन पांढरा घेऊन यायचं. बाबांना याचा राग येत नसे, त्यांना ते समजतच नसे. "कान म्हणतो एक आणि माणूस करतो दुसरंच," ते रात्री जेवताना आईला सांगायचे. आई म्हणायची, "लोकांना मिरवायचं असतं हो, ऐकायचं कुठे असतं!" आणि त्यांच्या पानात आमटी वाढायची.

मलाही मिरवायचंच होतं. बाबांनी पहिला जाड्या मला दिला होता. तो मी कॉलेजात पर्सबाहेर काढायची नाही. एकदा पडला, तर शेजारची म्हणाली, "हे काय गो, टीव्हीचा रिमोट घेऊन फिरतेस?" सगळ्या हसल्या, मीही हसले. घरी येऊन मात्र दप्तर भिरकावलं आणि जेवले नाही.

त्याच सुमारास बाबांच्या मनात एक शंका शिरली होती. एका गावात नाटकानंतर कुणीतरी म्हणालं की बाईचा आवाज फार टोचत होता. बाबांना तो टोचला नव्हता. मग दुरुस्तीला आलेल्या एका स्पीकरमधली बारीक सरसर मला ऐकू आली, त्यांना आली नाही. एका सकाळी चहा पिताना ते आपण होऊन बोलले, "मला बारीक आवाज कमी यायला लागले की काय, कोण जाणे." आई म्हणाली, दाखवा डॉक्टरला. ते म्हणाले, बघू. मी तिथेच बसले होते. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

थोड्याच दिवसांनी आतेभाऊ पांढरा परत न्यायला दुकानात आला. दुपारची वेळ होती, वीज गेलेली, गिऱ्हाईक नाही. मी डबा घेऊन गेले होते. भाऊ मोठ्या मनाचा. तो म्हणाला, "मामा, आवडला असेल तर ठेवा हो. मी पुढच्या फेरीला दुसरा आणीन." माझा जीव टांगणीला लागला. बाबा मान हलवत म्हणाले, "नको रे. जो कमी प्रतीचा, तो घरात ठेवून करायचं काय?" मग ते माझ्याकडे वळले. "थांब. हिला विचारू. तू बस गो इथे."

"मी कशाला?" मी म्हटलं.

"माझ्या कानावर माझा भरवसा राहिला नाय," बाबा म्हणाले. "लोक काय, माझं मन राखायलासुद्धा म्हणत असतील. तुझा कान पक्का आहे. तू म्हणशील ते खरं."

मी स्टुलावर बसले. हेडफोन डोक्यावर आला. त्यांनी आधी स्वतः दोन्ही ऐकून घेतलं होतं, मग मला लावलं. पहिला सुरू झाला आणि मला तत्क्षणी कळलं की हा जाड्या. डग्गा खोल वाजत होता, झांज चरचरत नव्हती, आणि म्हाताऱ्याने ओळ संपवून दम घेतला की त्या मोकळ्या जागेत पेटीचा भाता हलताना ऐकू येत होता, फुस्स, फुस्स. दुसऱ्यात ते नव्हतं. गाणं तेच, पण भाता नव्हता. फरक नखाएवढा होता, पण होता. बाबांचं म्हणणं अगदी खरं होतं.

मी डोळे उघडले. पंच्याच्या कडेतून पांढऱ्याचा एक कोपरा चमकत होता.

"दुसरा," मी म्हटलं.

"दुसरा?" बाबांनी विचारलं. "नीट ऐकलंस? पहिल्यात पेटीचा भाता येतो का?"

"नाही येत."

"अजिबात?"

"नाही म्हटलं ना! कितीदा विचारता?" मी तोडून बोलले. खोटं बोलताना माझा आवाज नेहमीच चढतो. आईला ते ठाऊक आहे, बाबांच्या लक्षात कधी आलं नाही.

बाबांनी पंचा उचलला. घडी घातली, परत उलगडली, परत घातली. मग पांढरा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "घे तर मग, तुझाच हा." भाऊ खूश झाला. मीही झाले, लाज वाटायला हवी तेव्हा वाटली नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजात मी तो सगळ्यांना दाखवला.

दुकानातली परीक्षा त्या दिवसापासून बंद झाली. कुणी विचारलं तर बाबा म्हणायचे, तुम्हाला आवडेल तो घ्या. जाड्या प्लेअरच्या पेट्या मागच्या फळीवर गेल्या. हे एवढ्यावरच थांबलं असतं तर मी स्वतःला माफ केलं असतं. पण शिमग्यानंतर एका गावचे दोघे जण नाटकाचं सांगायला आले. बाबा म्हणाले, "यंदा दुसरा कुणी बघा. माझा कान गेला."

"असं कसं काका? तुम्ही नाय आलात तर आमचं नाटक व्हायचं कसं?"

"होईल. मी लावला तर मात्र वाकडा लागेल." माझ्याकडे न बघता ते पुढे म्हणाले, "मुलीने तपासलंय माझं."

मी काउंटरच्या आतल्या बाजूला वायरी गुंडाळत उभी होते. बोलायला एक वाक्य पुरेसं होतं. मी वायर गुंडाळत राहिले. ते दोघे जाईपर्यंत पायरीवरून पुन्हा पुन्हा वळून बघत होते.

त्या वर्षी बाबा कुठल्याच उत्सवाला गेले नाहीत, पुढच्या वर्षीही नाही. आईने डॉक्टरचं टुमणं लावलं की म्हणायचे, "तपासायचं काय त्यात? घरात कळलंय." दुकान चालू होतं, पण ते स्पीकर उघडायला कचरायचे. मी पुण्याला नोकरीला लागले. दर सुट्टीत येताना ठरवायची की या खेपेला सांगायचं, आणि दर खेपेला काही ना काही कारण काढायची. तोवर गाणी मोबाईलमध्ये आली आणि पांढरा काय, जाड्या काय, कुणालाच त्यांचं सोयरसुतक उरलं नाही. माझा पांढरा बंद पडून कुठे गेला तेही मला सांगता येणार नाही.

दरम्यान बाबांना खरोखरच कमी ऐकू यायला लागलं. वयाने येतं तसं. घरात सगळे मोठ्याने बोलू लागले. मी सांगितलं ते चौथ्या वर्षी, मे महिन्यात. ते पडवीत बसले होते आणि आई अंगणात आमसुलं उलटत होती. मी हळू सुरुवात केली तर ते म्हणाले, "मोठ्याने बोल गो." म्हणून मला ते सगळं ओरडून सांगावं लागलं. पंच्याखाली पहिला जाड्या होता हे मला कळलं होतं. तोच चांगला होता. मला पांढरा हवा होता म्हणून मी खोटं बोलले. आईचा हात आमसुलांवर थांबला. दगडी गडग्यापलीकडची शेजारची माणसंसुद्धा वळून बघायला लागली.

बाबा रागावले असते तर मी पाय धरले असते. ते रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, "म्हणजे तेव्हा माझा कान चांगला होता?"

"होता, बाबा."

"तेव्हा मी नाटकांना जाऊ शकलो असतो."

"हो." मला रडू आवरेना. "चुकले हो बाबा, फार चुकले मी."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग कुणाला काही सांगायचं नसल्यासारखं, अगदी हळू बोलले.

"पहिल्यात मलाही भाता ऐकू आला होता. पण तू नाही म्हणालीस."