नकाशात नसलेलं पाणी

अमरावतीच्या बांधकाम खात्यात मी ट्रेसर होते. साठ साल नुकतंच उलटून गेलं होतं. ड्राफ्ट्समननं काढलेल्या नकाशावर ट्रेसिंगचं कापड पसरायचं आणि काळ्या शाईनं रेघ न् रेघ उतरवायची, एवढंच माझं काम. खोलीत मी एकटीच बाई. आमच्या बौद्ध वस्तीतली मॅट्रिक झालेली पहिली मुलगी म्हणून माझ्याकडे सगळ्यांचं लक्ष असे, त्यामुळे माझ्या हातून शाईचा एकही डाग पडत नसे.

एका उन्हाळ्यात दर्यापूरकडे जाणारा रस्ता उंच आणि रुंद करायचे नकाशे टेबलावर आले. वरून मंजुरी मिळालेली होती. उतरवता उतरवता माझ्याच गावापाशी आले आणि हात थांबला. रस्ता तिथं चार फूट उंच होणार होता, पण खालून पाणी जायला मोरी दाखवलेली नव्हती.

आमचे हेड ड्राफ्ट्समन अकोल्याचे, वयस्क मुसलमान गृहस्थ. मी त्यांना दाखवलं.

"बेटी, ट्रेसरनं नकाशा उतरवायचा असतो, सुधारायचा नसतो," ते म्हणाले.

"पण चाचा, पावसाळ्यात इथून पाणी वाहतं. रस्त्यावरून पलीकडे जातं. रस्ता उंच झाला की आमच्या वस्तीत साचेल."

"सर्व्हेत तर नाला नाही."

"सर्व्हे मे महिन्यातला आहे. तेव्हा तिथं नुसती भेगाळलेली काळी जमीन असते. नाला असा नाहीच, सगळं शिवारच वाहतं."

त्यांनी नकाशा जवळ ओढून ती जागा पाहिली. मग म्हणाले, "तोंडी सांगशील तर साहेब हाकलून देतील. माप घेऊन ये."

रविवारी मी पहिल्या बसनं गावी गेले. ज्या अंगानं पाणी येतं, रस्त्याच्या त्याच अंगाला आमची वस्ती होती. तिथं राहणाऱ्या माझ्या काकीला सगळं सांगितलं. तिनं शेजारच्या गवंड्याला त्याची पाणसळ आणि दोरी घेऊन बोलावलं. रस्त्यावर चार फुटांची काठी उभी केली, तिच्या टोकाला दोरी बांधली आणि पाणसळीनं सपाटी धरत ती काकीच्या घरापर्यंत ताणली. दोरी काकीच्या दाराच्या मधोमध, कडीला लागली.

मग काकी म्हणाली, "म्हंजे पाणी इथवर येईन? अन् तू तं त्याच हापिसात हायेस. मंग सांगत काहून नाई?"

"सांगायलाच माप घेतलं, काकी."

त्या रात्री मी माप कागदावर उतरवलं. वस्तीनं अर्ज केला, त्यावर सह्या केल्या, अंगठे उठवले. सोमवारी तो घेऊन मी कार्यकारी अभियंत्यांसमोर उभी राहिले. चाचा दारापाशी थांबले होते.

साहेब चिडले. "मंजूर झालेला नकाशा ट्रेसर बदलणार? ऑफिसातला कागद गावात दाखवलात?"

"कागद नाही दाखवला, साहेब. फक्त उंची सांगितली."

"सर्व्हेवाल्यांना जे दिसलं नाही ते तुम्हाला दिसलं?"

"मी तिथं वाढले, साहेब."

त्यांनी अर्ज ठेवून घेतला आणि मला जायला सांगितलं. महिना गेला, उत्तर नाही. मी रोज सकाळी त्यांच्या कारकुनाला फायलीचं विचारत असे. तो मला पाहून मान फिरवायचा. तरी मी विचारायची.

श्रावणात एका सकाळी कंडक्टरकडून काकीचा निरोप आला की पाणी रस्त्यावर चढलंय, बस पुढे जात नाही. मी तशीच साहेबांच्या खोलीत शिरले. "साहेब, आज बघा. उद्या ते ओसरेल."

मला वाटलं, नोकरी गेली. पण साहेबांनी टोपी घेतली आणि जीप काढायला सांगितली. चाचांना आणि मला मागे बसवलं.

गावापाशी साहेब गुडघाभर पाण्यात उतरले. एका अंगानं येऊन दुसऱ्या अंगाला चाललेलं ते रुंद पाणी बघत उभे राहिले. काकी लुगडं खोचून समोर आली.

"साहेब, हे पाणी आमाले नवं नाई. आजपावतर रस्त्यावरून निंगून जाते. तुमी भिंत बांधसान तं ते आमच्या घरात मुक्कामाले येईन."

साहेबांनी तिला एकच विचारलं, "याच्याहून जास्त कधी आलं होतं?" तिनं हात कमरेला लावून दाखवला. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

दिवाळीनंतर सुधारित नकाशा आला. त्यात तीन गाळ्यांची मोरी होती. चाचांनी तो माझ्याच टेबलावर ठेवला. त्या तीन कमानी उतरवतानाही डाग पडला नाही. रस्ता झाला. पुढच्या पावसाळ्यात पाणी मोरीतून गेलं आणि काकीच्या दाराशी फक्त चिखल आला.

मात्र रुंदीकरणासाठी रस्त्याकाठचे कडुनिंब तोडले. बाजाराला निघालेल्या बायका त्यांच्या सावलीत टेकत असत. मला झाडांचं सुचलंच नव्हतं. काकी रागावली. "पान्याचं बोलली, तं झाडायचं काहून नाई बोलली?"

पुढचा रस्ता अकोल्याकडचा होता. कापड पसरण्याआधी मी चाचांना विचारलं, "या रस्त्याकाठी झाडं किती आहेत?"

"नकाशात नाहीत," ते म्हणाले.

मी शनिवारच्या रजेचा अर्ज लिहिला. त्यांनी न वाचताच सही केली.