अविनाशने मागवलेला दगड

माझा नवरा लेकीची वाट बघत मेला नाही.

आज अविनाशला जाऊन वर्ष झालं. सकाळी इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर एका ताईंनी त्याचा हार घातलेला फोटो टाकला. खाली लिहिलं, "शेवटपर्यंत डोळे दाराकडे होते. मुलगी मात्र परदेशात ट्रिपवर."

त्याखाली जोडलेल्या हातांची रांग.

शिसारी आली वाचून. म्हणून लिहिते.

ट्रिप म्हणजे फील्ड ट्रिप. आमची ईशा जिऑलॉजी शिकते. तेव्हा एक सेमिस्टर नॉर्वेला होती. पावसात डोंगर चढायचा आणि हातोड्याने खडक फोडून बघायचा, हा तिचा अभ्यास.

व्हिडिओ कॉलवर ती दगड जिभेने चाटून कॅमेऱ्यासमोर धरायची. ओला झाला की पट्टे दिसतात म्हणे.

अविनाश बेडवरून म्हणायचा, "शी! धोंडूताई, जेवायला देत नाहीत का तिथे?"

त्या दिवसांत तो तेवढ्यापुरताच हसायचा.

आता थोडेच आठवडे, असं डॉक्टर म्हणाले. ईशा फोनवर रडत येते म्हणाली. मी तिकीट बघायला लागले. अविनाशने माझ्या हातातून फोन घेतला आणि तिला म्हणाला,

"इथे येऊन तू माझ्याकडे बघत बसशील. ते मला नको. तिकडचं बघ आणि मला दाखव. आणि येताना माझ्यासाठी एक दगड आण."

तो गेला तेव्हा ती डोंगरात होती. नेटवर्क नव्हतं.

त्याच्याजवळ मी होते आणि नर्स होती. डोळे मिटलेले होते. दाराकडे नव्हते.

फ्युनरलच्या सकाळी ईशा एअरपोर्टवरून थेट फ्युनरल होमला आली. बुटांना चिखल, पाठीवर बॅग. याच ताई मागच्या रांगेत म्हणाल्या, "बापापेक्षा दगड महत्त्वाचे." तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

मग गुरुजींनी दगड मागितला. मडकं फोडायचा. तोच पुढे दहा दिवस गेलेल्या माणसाच्या जागी ठेवतात, त्याच्यावर पाणी घालतात. तो आणायचं सगळेच विसरलो होतो. बाहेर पार्किंगमध्ये नुसतं डांबर.

ताईंनी लॉबीतल्या फुलदाणीतून एक निळा, गुळगुळीत खडा काढून आणला.

ईशा म्हणाली, "काकू, ही काच आहे."

"चालतं गं. भाव महत्त्वाचा."

माझ्या नवऱ्याच्या जागी फुलदाणीतली काच. अजून आठवलं की तोंड कडू होतं.

ईशाने बॅग उघडली. मोज्यात गुंडाळलेला दगड काढून गुरुजींच्या हातात दिला. गुरुजींनी तो कपाळाला लावला आणि तिलाच परत दिला. मडकं तिने फोडलं. आत दाहिनीचं बटणही तिनेच दाबलं.

त्यानंतर त्या ताई पुढे येऊन तिला मिठी मारून रडल्या. त्याचीही शिसारी आली.

दहाव्याला दगड नदीत सोडला. पाण्यात त्याचे पट्टे उठून दिसले.

ईशा म्हणाली, "आई, उद्या कोणा जिऑलॉजिस्टला हा सापडला ना, तर डोकं खाजवत बसेल. हा इथे आला कसा?"

"खाजवू दे," मी म्हटलं. "कोणी मागवला ते आपल्याला माहीत आहे."

ताई, तुम्हालाही आता माहीत आहे. तो फोटो ग्रुपवरून काढून टाका.

अविनाश, तुझी धोंडूताई यंदा पुन्हा डोंगरात गेली आहे. मीच जा म्हटलं. आता दगड मला दाखवते. चाटून.

तुझ्या वाटणीचं "शी" मी म्हणते.

बरं, ये हं आता. नमस्कार.