भोंग्याचा शनिवार

भोंगा हे काही बाईचं नाव नव्हे. पण इस्पितळाच्या धुलाईघरात तिला सगळ्या भोंगाच म्हणत आणि तीही खुशाल ओ देई. कारण तिचं हसू. आधी एक बारीक शिट्टी, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग असा दणका की शेजारच्याच्या कपातला चहा बशीत यावा. आईने तिला समजावून पाहिलं, सासूने डोळे वटारून पाहिले, नवरा होता तोवर पाहुण्यांसमोर टेबलाखालून तिच्या पायावर पाय देत असे. काही उपयोग झाला नाही. हसू म्हणजे काय कपाटात घालून कुलूप लावायची गोष्ट आहे? आणि लोकांना तरी काय त्रास होतो कोण जाणे! बाई रडली तर चालतं, कुढली तर चालतं, मोठ्याने हसली की सगळ्यांच्या नाकाला मिरच्या झोंबतात.

धुलाईघरात मात्र त्या हसण्याला मान होता. तिथली अजस्र यंत्रं दिवसभर चादरी घुसळत, आणि त्या खडखडाटात शेजारीण बोंबलली तरी ऐकू येत नसे. म्हणून तिथल्या बायका ओठांनी बोलत. आवाज काढायचाच नाही, नुसतं तोंड हलवायचं. समोरचीने बघून ओळखायचं. नवी बाई आली की सुरुवातीला बावचळायची, पण एकदा का डोळा बसला की या टोकाची त्या टोकाच्या बाईला नवऱ्याबद्दल काय सांगते ते तिला सगळं कळायला लागायचं. त्या खडखडाटाच्या वर जाणारा आवाज एकच, भोंग्याच्या हसण्याचा. तो आला की बायका इस्त्री बाजूला ठेवून ओठांनी विचारत, "काय गं झालं? आम्हालाही सांग की!"

दर शनिवारी संध्याकाळी ही अख्खी टोळी सिनेमाला जाई. इस्पितळाच्या रस्त्यावरचं जुनं थिएटर, खालच्या पुढच्या रांगा, मांडीवर लाह्यांच्या पुड्या. सिनेमा भिकार निघाला तर जास्तच मजा. आठवडाभर दुसऱ्यांच्या आजारपणाचे डाग काढायचे, तर शनिवारी चार घटका हसायला नको? भोंग्याने नवरा गेल्यावरही शनिवार सोडला नव्हता. लोक बोलले. बोलू देत, म्हणाली.

आणि आता तिच्या पोटच्या पोरीनेच तिच्यापुढे घडी घातलेला पांढरा रुमाल ठेवला होता.

पोरीला घरात चिमणी म्हणत. लहानपणी शाळा सुटली की ती धुलाईघरातल्या गाठोड्यांवर बसून अभ्यास करायची, त्यामुळे ओठांची भाषा तिला बाराखडीच्या आधी आली. आता ती एका दाताच्या डॉक्टरकडे नावं नोंदवायला बसे, ओठ मिटून गोड हसे. तिथेच चष्म्याच्या दुकानवाल्यांच्या मुलाशी तिचं जमलं. मुलगा वाईट नव्हता. दोन्हीकडून होकार झाला होता, फक्त तारीख धरायची बाकी होती. आणि त्याआधी एकदा सगळ्यांनी मिळून सिनेमा बघू, अशी टूम मुलाच्या आईने काढली. शनिवारी, त्याच थिएटरात, पण दुपारचा खेळ. बाल्कनी.

"आई, एवढं एकच ऐक," चिमणी म्हणाली. "विनोदी सिनेमा आहे. हसू आलं की हा रुमाल तोंडात धर."

"मग विनोदी सिनेमाला कशाला नेताय मला? एखादा रडका बघा."

"आई!"

"अगं, पण मी हसते म्हणून कुणाचं लग्न मोडलंय का आजवर?"

"माझं मोडायला नको," चिमणी म्हणाली, आणि तिचा आवाज असा कातर झाला की भोंग्याने मुकाट्याने रुमाल उचलला. पोरीचं लग्न म्हटल्यावर बाईने दगडसुद्धा चावला असता, रुमालाचं काय घेऊन बसलात!

बाल्कनीत बसले ते असे: पलीकडे विहीणबाई, मग होणारा जावई, मग चिमणी आणि या कडेला भोंगा. विहीणबाई मोजकं बोलत, मोजकं हसत. हसल्यावर दोन बोटं ओठांना लावत.

सिनेमा काय होता म्हणता! एक नवरामुलगा होणाऱ्या सासऱ्याला घाबरून कपाटात लपतो, आणि नेमकं ते कपाट सासराच विकत घेतो. चार हमाल ते कपाट जिन्यावरून उतरवतायत आणि आत याला उचकी लागलीय. दर उचकीला हमाल एकमेकांकडे बघतात. खालच्या रांगांत लोक अक्षरशः लोळत होते. भोंग्याने रुमाल तोंडात कोंबला. डोळ्यांतून पाणी, कानातून वाफा, बरगड्यांत कळा! चिमणीने अंधारात आईचा हात दाबला, शाबासकी दिल्यासारखा. भोंग्याला बरंही वाटलं आणि मेल्याहून मेल्यासारखंही वाटलं.

तेवढ्यात कपाट उघड्या गच्चीत आलं, पडद्यावर लख्ख ऊन पडलं, आणि त्या उजेडात अख्खी बाल्कनी उजळली. विहीणबाई मुलाकडे वळून काही कुजबुजत होत्या. तोंड बरोबर भोंग्याच्या दिशेने. तिने मुद्दाम बघितलं नाही. पण अर्धं आयुष्य ओठ वाचण्यात गेलेल्या बाईला डोळ्यांवर झापडं ओढता येतात का?

"आईचं सोड," विहीणबाईंचे ओठ म्हणाले. "चार वेळा येईल नि जाईल. पण पोरगी त्याच वळणाची निघायची. लग्न झालं की आधी शनिवारचे सिनेमे बंद. मग हसायचं कसं, बोलायचं कसं, ते मी हळूहळू शिकवीन तिला."

आणि मुलाने मान हलवली. होकाराची.

भोंग्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला काय म्हणायचं ते म्हणा. तिची कातडी गेंड्याची झाली होती. पण पोरीला शिकवणार? हसायला? आज एक दिवसाचा रुमाल, म्हणून तिने कबूल केला. तो रुमाल उद्या पोरीच्या तोंडात जन्मभरासाठी जाणार होता, आणि त्याची सवय आपणच आज लावून देतोय, हे तिच्या ध्यानात आलं. लग्न मोडेल? मोडलं तर? चिमणी जन्मभर बोल लावेल.

पडद्यावर कपाटाचं दार निखळलं. आतून नवरामुलगा सासऱ्याच्या पुढ्यात पडला आणि अदबीने म्हणाला, "कपाट चांगलं आहे, घ्या."

भोंग्याने रुमाल काढला. शिट्टी आली. मग क्षणभर काहीच नाही. मग अख्ख्या थिएटरने माना मागे वळवून बाल्कनीकडे बघितलं. विहीणबाईंच्या हातातल्या लाह्या उडाल्या. खालून कुणीतरी ओरडलं, "वाहवा!"

चिमणी गर्रकन वळली. आवाज न काढता तिचे ओठ कडाडले, "आई! काय ठरलं होतं आपलं?"

भोंग्याने तसंच, ओठांनीच, पोरीला सगळं सांगितलं. शनिवार बंद. वळण लावणार. हसायला शिकवणार. त्याने मान हलवली. एक अक्षर जास्त नाही, एक कमी नाही.

चिमणीचा चेहरा उतरला. ती मुलाकडे वळली आणि हलक्या आवाजात तिने काहीतरी विचारलं. तिचा चेहरा आता पलीकडे होता, पण मुलाचा या बाजूला, आणि भोंग्याला तो छापील अक्षरासारखा दिसत होता. "तुला कुणी सांगितलं?" तो म्हणाला. मग, "अगं, वाद नको म्हणून हो म्हटलं. आईपुढे कोण बोलणार? नंतर बघू ना." आणि तो पुन्हा पडदा बघायला लागला.

चिमणीही पडद्याकडे बघत राहिली. उचकी, हमाल, सासरा, सगळं पुन्हा सुरू झालं होतं. भोंगा घाबरून पोरीकडे बघत होती. तिला वाटलं, आता ही रडणार. चिमणीचे खांदे हलले. एक बारीक शिट्टी आली.

देवा! आईने ती शिट्टी कितीतरी वर्षांत ऐकली नव्हती. तिला वाटलं होतं, पोरगी तिच्या बापावर गेली. कसली बापावर जाते! दणका उडाला तेव्हा पुढच्या खुर्चीवरचा माणूस अर्धा उठला. मग मायलेकी ज्या सुटल्या त्या सिनेमा संपेपर्यंत आवरल्या नाहीत.

बाहेर आल्या तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. विहीणबाईंचा चेहरा इस्त्री केल्यासारखा सपाट होता. "तारखेचं आपण सावकाशीने बघू," त्या म्हणाल्या.

"सावकाशीनेच बघू," चिमणी म्हणाली. "मलाही घाई नाही. मी शनिवार सोडणार नाही, काकू, आणि हसायचं मला येतं. मला शिकवावं लागणार नाही."

मुलगा दोघींच्या मध्ये उभा होता.

रस्त्यापलीकडे, गाड्यांच्या गोंगाटाच्या पार, धुलाईघराची टोळी संध्याकाळच्या खेळासाठी जमली होती. सगळ्या टाचा उंचावून बघत होत्या. सगळ्यांचे ओठ एकच विचारत होते, "काय झालं? ठरली का तारीख?"

काय सांगावं ते भोंग्याला सुचेना. एवढ्या लांबून, एवढ्या गोंगाटात, ओठांनीच सांगायला हवं होतं, आणि तिचे ओठच थरथरत होते. तिने पोरीकडे बघितलं. चिमणी फुटपाथच्या कडेला गेली, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि दाताच्या डॉक्टरकडे कुणी कधी ऐकला नसेल अशा आवाजात ओरडली, "मावशी! पुढच्या रांगेत दोन जागा धरा!"

रस्ता थबकल्यासारखा झाला. पलीकडून धुलाईघरातल्या एका मावशीने बोटं वर करून विचारलं, दोन की तीन?

चिमणीने एकदा मुलाकडे वळून बघितलं. तो अजून उभाच होता.

"दोनच!" ती ओरडली. "तिसऱ्याला यायचं असेल तर तो स्वतः ओरडून सांगेल!"

आणि आईचा हात धरून तिने रस्ता ओलांडला. पांढरा रुमाल बाल्कनीत खुर्चीखालीच राहिला होता. त्याची आठवण दोघींपैकी एकीलाही झाली नाही.