कृतीत न लिहिलेली दक्षता

लातूरच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते. प्रयोगवही कशी लिहावी याचा माझा क्रम ठरलेला आहे: साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान आणि शेवटी दक्षता. दक्षता लिहिलेली नसेल तर मी वही न तपासता परत करते. मुलांना हा माझा हेका वाटतो. पुढे जे सांगणार आहे त्यात माझी चूक नेमकी कुठे झाली हे कळावे, म्हणून एवढी प्रस्तावना.

माझे थोरले दीर चाकूरजवळच्या गावी शेती करतात. त्यांच्या मुलीला पाहायला हदगावकडचे पाहुणे येणार असे ठरले, तेव्हा सोयाबीनची काढणी सुरू होती. पुतणी रंगाने सावळी, बी.एस्सी. झालेली. मी एका रविवारी गावी गेले आणि वहीचा कागद फाडून तिला उटण्याची कृती लिहून दिली. दोन चमचे बेसन, चिमूटभर हळद, थोडी साय आणि अर्ध्या लिंबाचा रस. हे कालवून चेहऱ्याला लावावे आणि वीस मिनिटांनी कोमट पाण्याने चेहरा धुवावा. त्यापुढे पाचवी पायरी होती: पिळलेले लिंबू गालांवर व मानेवर चोळावे आणि रस अंगावरच वाळू द्यावा. ही पायरी मी अधोरेखितही केली.

लिंबाचा रस अंगावर असताना कडक ऊन लागले तर कातडी भाजल्यासारखी होते. हे मला ठाऊक होते. शहरात आम्ही चेहऱ्याला असे काही लावतो आणि पंख्याखाली बसतो. काढणीच्या दिवसांत गावातली मुलगी चेहरा धुऊन थेट खळ्यावर जाते, हे मात्र मी विसरले. पुतणी तशीच गेली आणि दुपारभर सोयाबीन पसरत राहिली.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मी पुन्हा गावी पोहोचले. तिच्या दोन्ही गालांवर तांबूस काळे चट्टे होते. मानेवर रस ओघळला होता तिथे बारीक फोडांची रेघ उठली होती.

"बघा बाई, काय करून बसली ही!" जाऊबाई मला म्हणाल्या. "उद्या पाव्हणे येऊन राहिले, अन् हिचं तोंड पाहा. भाजल्या वांग्यावानी!"

"इतकं शिकली, पर अक्कल न्हाई," दीर ओसरीवरून म्हणाले.

मी शिक्षिकेच्या स्वरात पुतणीला विचारले, "किती वेळ ठेवलं होतंस? माप चुकलं असेल."

"न्हाई काकू. घड्याळ लावून केलं."

तिने आत जाऊन कागद आणला. माझेच अक्षर. पाचही पायऱ्या व्यवस्थित, आणि उन्हाविषयी एक शब्द नाही.

"काय लिहिलंय त्यात?" जाऊबाईंनी विचारले. "कुठं चुकली ही?"

मी कागदाची घडी घातली. "जरा जास्तच चोळलेलं दिसतंय," मी म्हणाले.

पुतणीने माझ्याकडे पाहिले. त्यानंतर तासभर तिने आईचे बोलणे खाली मान घालून ऐकले आणि मी शेजारी बसून कोथिंबीर निवडत राहिले.

दुसऱ्या दिवशी मुलाच्या आईने तिची हनुवटी धरून चेहरा खिडकीकडे वळवला. "हे डाग जन्माचे हायेत का?"

"न्हाई," पुतणी म्हणाली. "सोयाबीन पसरताना ऊन लागलं."

मी पोह्यांच्या बशा घेऊन दारातच उभी होते. एक वाक्य पुरले असते. मी विचारले, "चहात साखर किती घालू?"

आठवड्याभरात नकार आला. कारण त्यांनी सांगितले नाही, आणि डाग हेच कारण होते असे मी खात्रीने म्हणू शकत नाही. परंतु त्या अनिश्चिततेचा आधार घ्यायलाही मला लाज वाटली. मी चाकूरची बस धरली आणि जाऊबाईंना सगळे सांगितले: कागद बरोबर पाळला गेला होता, चूक लिहिणारीची होती.

त्या तूर पाखडत होत्या. सूप थांबले. "मग त्या दिवशी का न्हाई बोललात? मी पोरीला किती टाकून बोलले, तुमी ऐकतच होता की."

पुतणी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. तिच्याकडे जाऊन मी माफी मागितली.

"उन्हाचं सोडा काकू," ती म्हणाली. "डाग जातील. पण मला गोरं व्हायचंय, असं मी तुम्हाला कधी म्हणले होते का?"

मी त्या रविवारचे संभाषण सवयीप्रमाणे पहिल्यापासून आठवून पाहिले. बी.एड.च्या प्रवेशाचा अर्ज कधी निघतो आणि तुम्ही बाबांशी बोलाल का, या दोनच गोष्टी तिने मला विचारल्या होत्या. 'ते नंतर पाहू,' असे म्हणून मी वहीचा कागद फाडला होता.

"नाही," मी म्हणाले. "तू तसं म्हणाली नव्हतीस."

तिने बादलीतली ओढणी पिळली आणि तिचे एक टोक माझ्या हातात दिले. मी ते धरून उभी राहिले. तिच्या चेहऱ्याकडे पाहण्याचे धैर्य मला झाले नाही. ओसरीवर दीर बसलेले होते. ओढणी दोरीवर टाकून झाल्यावर मी त्यांच्याकडे गेले आणि अर्जाविषयी बोलू लागले.