निळ्या थेंबाला वेळ लागतो

शेवटच्या दिवशी सकाळी तुमच्या आजोबांनी आरशासमोर उभं राहून स्वतःच्या हाताने दाढी केली, आणि पालघरच्या डायलिसिस केंद्रात जायला नेहमीसारखे माझ्याआधी तयार होऊन दाराशी थांबले. "चल, नाहीतर माझी खुर्ची पळवतील," म्हणाले. संध्याकाळी घरी परतल्यावर त्यांनी पाणी मागितलं. मी मोजून अर्धा पेला आणला, तोवर ते पलंगावर आडवे झाले होते. त्यांचं हृदय थांबलं होतं... पेला माझ्या हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी ईशान, तुझा फोन आला. रडून झाल्यावर तू विचारलंस, "आजी, पण रिपोर्ट तर चांगले येत होते ना?" रेवा मागून म्हणाली, "तिला आत्ता नको विचारूस." मी फोन ठेवून दिला. तो प्रश्न मात्र तेव्हापासून माझ्यासोबत स्वयंपाकघरात येतो, देवासमोर बसतो. मी जन्मभर मुलांना इंग्रजी शिकवलं. प्रश्न विचारला की पूर्ण वाक्यात उत्तर द्या, असं सांगत आले. म्हणून आता पूर्ण वाक्यांत लिहिते आहे. वर्तमानपत्राच्या पुरवणीला हे पाठवणार आहे, ती वाचणाऱ्या इतरांनाही वाचू दे. आमच्या घरापुरतीच ही गोष्ट असेल असं मला वाटत नाही.

आजोबा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, कुंभवलीच्या बाजूला असलेल्या एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होते. नवा रंग तयार झाला की तो आधी कापडाच्या छोट्या तुकड्यांवर चढवून बघायचा, हे त्यांचं काम. संध्याकाळी बोईसरहून घरी येत तेव्हा नखं कधी जांभळी, कधी हिरवी. आल्याआल्या चहा पिताना कुठल्यातरी शिकाऊ मुलाची तक्रार ठरलेली असे. "वेळेआधी तुकडा बाहेर काढला! वर म्हणतो, साहेब, रंग तर चढलाय. मी धागा कापून दाखवला... आत पांढरा." लहान रेणूंचा रंग भराभर धाग्यात शिरतो, पण तितक्याच भराभर धुण्यात निघून जातो. मोठ्या रेणूंचा रंग सावकाश आत सरकतो, आणि एकदा आत गेला की पक्का बसतो. त्याला वेळ द्यावाच लागतो. हे मी इतक्यांदा ऐकलं की मला ते कवितेसारखं पाठ झालं होतं.

तुम्ही मागे सुट्टीत आला होतात तेव्हा त्यांनी तुम्हालाही ते दाखवलं होतं, आठवतं? मी फालुद्यासाठी आणलेला चायना ग्रास त्यांनी न विचारता उकळला, काचेच्या वाडग्यात ओतून थिजवला, आणि कारखान्यातून आणलेल्या दोन छोट्या बाटल्यांतून एक पिवळा आणि एक निळा थेंब वर सोडला. पिवळा लहान रेणूंचा, निळा मोठ्या रेणूंचा. पिवळा बघता बघता पसरत गेला. निळा आपल्या जागी बसून. रेवा, तू निळ्यावर पैज लावली होतीस आणि हरल्यावर रुसलीस. "थांब गं, तो येतोय," ते म्हणाले. तुमचं विमान निघालं तरी तो आला नव्हता.

मूत्रपिंडं थकली तेव्हा त्यांनी डायलिसिस समजून घेतलं ते याच भाषेत. यंत्रातल्या गाळणीत केसासारख्या बारीक नळ्या असतात. नळीच्या आत रक्त, बाहेर औषधी पाणी, मध्ये बारीक छिद्रांचा पडदा. रक्तातली घाण जिथे जास्त आहे तिथून जिथे कमी आहे तिथे आपोआप सरकते. युरिया लहान, तो सगळ्यांत आधी पळतो. मोठे रेणू रेंगाळतात, शेवटपर्यंत थोडे थोडे सुटत राहतात. "म्हणून चार तास," मला समजावून झाल्यावर ते म्हणाले होते. "माझंच काम आहे गं. फक्त आता कापड मी आहे."

आणि याच माणसाने शेवटच्या काही महिन्यांत चार तास पुरे करणं सोडलं.

त्याचं कारण सुगंधा. ती माहीमची, मुंबईतलं नव्हे, आपल्या पालघरजवळचं समुद्रकाठचं माहीम. नवऱ्याची होडी, ही मासळी सुकवून विकणारी. पन्नाशीही गाठली नसेल, आणि तिलाही तोच आजार. आमच्यानंतरची पाळी तिची, त्याच यंत्रावर. बाहेरच्या बाकावर ती माझ्या शेजारी बसायची आणि सारखं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची, कारण तिचं उरकेपर्यंत माहीमची शेवटची एसटी निघून जायची. मग रिक्षा, नाहीतर मुलाला मोटारसायकल घेऊन बोलवायचं. एकदा तुमच्या आजोबांनी दारातून तिला बघितलं, आणि पुढच्या पाळीपासून अर्धा तास आधीच उठायला लागले. यंत्रावरचा मुलगा ओरडायचा, "अंकल, आधा घंटा बाकी है!" हे म्हणायचे, "मेरा हो गया, उसको लगाओ." स्वतःच्या जबाबदारीवर उठतोय अशी सही करून मोकळे. बाहेर येऊन सुगंधाला सांगायचे, "आज मशीन खुशीत होती, लवकर सोडलं."

मी भांडले. रिक्षात, घरी, जेवताना. तर माझ्यापुढे रिपोर्ट धरायचे. "हा बघ युरिया. कुठे बिघडलंय?" युरिया खरंच बिघडला नव्हता. तो लहान, तो आधीच निघून गेलेला असे. मोठ्यांचा आकडा त्या कागदावर नसे. ते रात्री अंग खाजवत बसायचे, पायांवर सूज दिसायची, जिना चढताना मध्येच थांबायचे... हे सगळं कुठल्या रकान्यात लिहिणार? मी एकदा चिडून म्हटलं, "कारखान्यात कुणा पोराला अर्धा तास आधी कापड काढू दिलं होतं का कधी?"

"ते कापड होतं," ते म्हणाले. "त्याला माहीमला जायचं नव्हतं."

मी तो रिपोर्ट घडी करून फायलीत ठेवला.

डॉक्टरांना मी नंतर सरळ विचारलं. त्यांनीही सरळच सांगितलं, की वय होतं, हृदय आधीच दमलेलं होतं, पाणी साठत होतं. पूर्ण वेळ घेतला असता तर बरं झालं असतं. तेवढ्यानेच गेले असं मात्र कुणी म्हणू शकणार नाही. म्हणजे मला हो मिळालं नाही आणि नाहीही मिळालं नाही. ईशान, तुला द्यायला माझ्याकडे इतकंच आहे, आणि ते पुरेसं नाही हे मला कळतं.

मागच्या पंधरवड्यात सुगंधा घरी आली. पिशवीत कागदात गुंडाळलेले सुके बोंबील. "मोकल्या हाताने कशी येऊ, काकू? काका नेहमी बोलायचे, मला बंदी हाय, माझ्या वाटणीचे तुमी खा." ती खाली जमिनीवरच बसली. मी खुर्ची पुढे केली तरी उठली नाही. फरशीकडे बघतच म्हणाली, "काकू, तो मशीनवरचा पोरगा बोलला मला. काका माझ्यासाठी लवकर उठायचे. खरं सांगा... माझ्यापायी तं नाय ना गेले?"

खरं सांगायचं तर क्षणभर माझ्या जिभेवर हो आलं होतं. इतके दिवस मला कुणाला तरी दोष द्यायचा होता, आणि ती समोर येऊन स्वतःच मान पुढे करून बसली होती. पण तिच्या हातावरची ती फुगलेली शीर दिसली. सुई टोचून टोचून यांचीही अगदी तशीच झाली होती.

"मला माहीत नाही, सुगंधा," मी म्हटलं. "डॉक्टरांनाही नाही. तुला ठाऊक नव्हतं आणि त्यांना सगळं ठाऊक होतं, एवढं मात्र खरं."

ती पदराने डोळे पुसत होती. मला काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "तुझं कसं चाललंय? पुरे चार तास घेतेस ना?"

"कुठं, काकू? एसटी निघते ना. काका गेल्यापासून तं आनखीच लवकर उठते. रिपोट बरा येतो, मग काय?"

मी उठले ती थेट फ्रिजकडे गेले. आतल्या कप्प्यात तो वाडगा अजून आहे. ते गेले त्या आठवड्यात त्यांनी पुन्हा चायना ग्रास थिजवून त्यावर दोन्ही थेंब सोडले होते, रेवाला फोनवर दाखवायचे म्हणून. ते राहून गेलं. मी तो वाडगा सुगंधाच्या पुढ्यात ठेवला. पिवळा काठापर्यंत पोचून सगळीकडे झाला होता. निळा मधोमध, रुपयाएवढा.

"हा पिवळा म्हणजे तुझा रिपोर्ट," मी म्हटलं. "हा आधीच निघून जातो. आणि हा निळा बघ. हा अजून तुझ्या अंगात आहे. तू उठतेस तेव्हा हा नुकता कुठे निघालेला असतो."

तिने वाडगा दोन्ही हातांत धरला. "काकांना म्हाईत होतं हे?"

"त्यांनीच मला शिकवलं."

"मग तरी उठायचे?" ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिच्या आवाजात माझ्यासारखाच राग आला. "वेडा मानूस!"

तो शब्द ऐकून मला हायसं वाटलं. एवढ्या लोकांनी येऊन त्यांना देवमाणूस म्हटलं होतं. तिने वेडा म्हटलं, आणि आम्ही दोघी मिळून त्यांच्यावर रागावलो.

आता तिची पाळी असते त्या संध्याकाळी मी त्याच बाकावर जाऊन बसते. एसटी निघून जाते, जाऊ दे. चार तास झाल्यावर आम्ही रिक्षाने इथे येतो, ती मुलाला फोन करते, आणि त्यांच्या खोलीत झोपते. हे आधी कुणालाच सुचलं नाही, कारण तिला घरी जायचं असे आणि यांना तिला घरी पाठवायचं असे. मी त्यांच्या कपाटातला एक खण तिला रिकामा करून दिला आहे. खोलीला आता थोडा सुक्या मासळीचा वास येतो. खिडकी उघडली की जातो, पण पूर्ण जात नाही.

काल सकाळी पहिल्या एसटीला निघण्याआधी तिने फ्रिज उघडून वाडगा बाहेर काढला. तिची ती सवयच झाली आहे. "काकू, हालला बगा निळा." मी चष्मा लावून बघितलं. कडेला हिरवट झाक आली होती, की उजेडाने तसं दिसलं... मला नक्की सांगता येणार नाही. मी वाडगा तिच्या हातातून घेतला आणि जराही न हलवता परत आत ठेवला.